मदत हवी आहे: झारखंडच्या ल्युथरन कामगारांसाठी मंडळीने वर्षभर काय करावं? (नाशिक)

शरणपूररोड:
सप्रेम जय ख्रिस्त. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर झारखंडातल्या खुंटी, सिमडेगा, गुमलाकडचे कामगार आहेत. काही गोस्सनर ल्युथरन या प्रॉटेस्टंट मंडळीतले (चर्चमधले), काही कुटुंबासह आलेले. आमची मंडळी लहान आणि मराठी. नाताळात ब्लँकेटं वाटतो, त्यापुढे काय? सुरुवात कुठून करावी?

वेदीपाशी:
उपासनेपासून. गोस्सनर मिशनचं काम राँचीत १८४५ पासून आहे, तेव्हा या लोकांना नवशिके समजू नका. ‘यीशु सहाय’ म्हणून भेटा. महिन्यातून एक उपासना हिंदीत ठेवा, शास्त्रवाचन त्यांच्याकडेच द्या, सादरी (त्यांच्या भागातली बोली) गीतं होऊ द्या. वेळ संध्याकाळची बरी, कारण सगळ्यांची सुट्टी रविवारीच नसते. गावच्या मंडळीचं पत्र मागवलंत तर बाप्तिस्मा-लग्न अडत नाही.

कागदपत्रवाला:
मग रेशन. झारखंडचं कार्ड इथे चालतं. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत कार्ड क्रमांक किंवा आधार पुरतो. प्राधान्य कुटुंबाला (हा रेशन कार्डाचा प्रकार) महिन्याला माणशी ५ किलो धान्य. काही इथे उचलून उरलेलं गावाकडच्यांना तिथे घेता येतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

अडतं ते अंगठ्यावर. सिमेंटमध्ये काम करून बोटांच्या रेषा झिजतात, मशीन ठसा घेत नाही आणि माणूस परत जातो. सगळी बोटं लावून बघा, मग डोळ्यांची ओळख किंवा ओटीपी मागा. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, आणि इथे आल्यावर सिम बदललेलं असतं. म्हणून आधी नंबर, मग ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), मगच धान्य.

बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला गेल्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार टाळतात, कारण त्यांच्याकडे काम केल्याचा तो पुरावा होतो. पाळकांनी साइटवर स्वतः जाऊन मागितला तर फरक पडतो. हजेरीवहीचा फोटो दर आठवड्याला काढून ठेवायला सांगा.

मुलांची शाळा: दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९. मूळ आधार मात्र मंडळीत कुणीही ठेवून घेऊ नये. झेरॉक्स काढा आणि लगेच परत द्या.

शरणपूररोड:
खूप आभार! त्यांच्याच खोल्यांत राहणारे बरेच जण ख्रिस्ती नाहीत. त्यांचं काय?

वेदीपाशी:
त्यांनाही तीच मदत, आणि प्रार्थनेला येण्याची अट अजिबात नको. १९४७ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला ल्युथरन जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा दुसऱ्या महायुद्धामुळे जगातल्या दर सहा ल्युथरनांमागे एक जण बेघर-निर्वासित होता. तरी महासंघाचं निर्वासितांमधलं काम धर्म न विचारता चालतं. रेशनच्या मदतीची वेळ उपासनेला जोडू नका, वेगळा वार ठेवा.

कागदपत्रवाला:
कुणी परदेशी निर्वासित आला तर राहायला देण्याआधी कायदेशीर सल्ला घ्या. परदेशी माणसाला ठेवणाऱ्याने २४ तासांत त्याची माहिती सरकारी नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची असते. बहुतेक देशांतल्या लोकांची निर्वासित म्हणून नोंदणी दिल्लीतलं यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) बघतं, त्यामुळे कागद मिळवून देण्याचं वचन मंडळीने देऊ नये.