शंभर वर्षांनी माणूस ओळखायचा कशावरनं?

गंगावेसकर: काल कट्ट्यावर वाद पेटला. उद्या चंद्रावर वस्ती झाली, माणसं हजार कोटींवर गेली, तर प्रत्येकाची वेगळी ओळख ठेवायची कशी? माझं मत, नंबर-बिंबर नको, बुबुळ दाखवा नि पुढं चला. हुबेहूब जुळ्यांचा डीएनए सारखा निघतो, पण बुबुळं त्यांचीही वेगळी. कार्ड हरवायची भानगडच नाही.

वेणीवाला: चंद्र राहू दे भावा. आमच्या आत्तीची हयात सुभाषनगरात चपलांच्या वेण्या वळण्यात गेली. बोटांच्या रेषाच झिजल्या, रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला की नापास. पदराला पुसला, खोबरेल लावलं, परत नापास. मागं रांग. दुकानदार तिच्या लग्नात जेवलेला माणूस, पण तोही म्हणाला, "वहिनी, ओटीपी सांगा." फोन पोराच्या खिशात, पोरगं शिरोली एमआयडीसीत सेकंड शिफ्टला.

गंगावेसकर: म्हणून तर बुबुळ म्हणतोय!

हिशेबी_माणूस: मोतीबिंदू झाल्यावर बोला. नंबरच बरा. आधारचे आकडे 12, पहिला 0 किंवा 1 नसतो, शेवटचा तपासणीचा. म्हणजे 8000 कोटी नंबर निघतात. मेलेल्याचा नंबर दुसऱ्याला न देताही पुष्कळ पुरतील. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले, तर त्या शेवटच्या आकड्यावरनं लगेच कळतं. आणि नंबर फुटला तर बदलून देता येईल. बुबुळाची नक्कल झाली तर काय, डोळा बदलणार?

वेणीवाला: नंबर कुणीबी सांगंल की! तो तुझाच कशावरनं? फिरून अंगठ्यावरच आलास.

हिशेबी_माणूस: हे मात्र खरं. नंबर नावासारखा, चारचौघांना कळला तरी चालावं. पटवायला सही वेगळी पाहिजे, आणि ती एकाच प्रकारची नको.

तालीमवाला: मला एकच नंबर सगळीकडं, हेच मान्य नाही. दवाखान्यातलं दुखणं बँकेला कशाला कळायला पाहिजे? 2018 ला सुप्रीम कोर्टानं बँक खातं आणि सिमकार्डाची आधारसक्ती रद्द केली, ती उगंच नव्हे. जागा तेवढे नंबर असू देत.

गंगावेसकर: मग सात नंबर पाठ कोण करणार? आमच्या आज्जीला स्वतःचा मोबाईल नंबर येत नाही.

तालीमवाला: पाठ कशाला? आधारलाच 16 आकडी व्हर्च्युअल आयडी आहे. मूळ नंबर झाकून तो द्यायचा, पाहिजे तेव्हा नवा काढायचा. किती जणांनी काढलाय, हात वर करा.

गंगावेसकर: …

हिशेबी_माणूस: वेणीवाले, आत्तीचं धान्य मिळालं का?

वेणीवाला: पोराच्या सुट्टीदिवशी. तेबी ओटीपी दोनदा मागवून.