मदत हवी आहे : वेल्समधल्या इव्हान थॉमसचा मुलगा कोणता, डेव्हिड थॉमस की डेव्हिड इव्हान्स?

नमस्कार मंडळी. जावयाच्या घराण्याची वंशावळ करते आहे. मूळ गाव वेल्समधल्या कार्मार्थनशरमध्ये.

चर्चच्या नोंदवहीत १८१६ साली 'इव्हान थॉमसचा मुलगा डेव्हिड' असा बाप्तिस्मा आहे. १८४१ च्या जनगणनेत त्या नोंदीतल्याच शेतघरात डेव्हिड इव्हान्स राहतो, वय २५. शेजारच्या शेतावर डेव्हिड थॉमस, वय तेच! त्या जनगणनेत मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत, म्हणून वयावरून निवाडा होत नाही. १८५१ मध्ये दोघांचंही जन्मगाव एकच.

वेल्शमध्ये 'अॅप' म्हणजे 'अमक्याचा मुलगा'; अॅप हायवेलचं पॉवेल, अॅप रीसचं प्राइस झालं, हे ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये स्मिथ, बेकर ही आडनावं मध्ययुगातच रुळली. वेल्सच्या खेड्यांत मात्र बापाचं नाव मुलाचं आडनाव होण्याची चाल एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. तेव्हा इव्हानचा मुलगा 'इव्हान्स'ही असू शकतो, किंवा आजोबांचं 'थॉमस' कायम झालेलं असू शकतं. आडनावांच्या कोशाने हे सुटणार नाही.

दोघांची लग्नं १८३७ च्या आधीची, त्यामुळे विवाहनोंदीत वडिलांचं नाव नाही. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं ऑनलाइन पाहिली, इव्हानचं सापडलं नाही. चॅपलच्या (अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनाघरांच्या) वह्यांतही काही नाही. मला वेल्श वाचता येत नाही, आणि प्रत्यक्ष जाणं सध्या शक्य नाही.

१८१६ ते १८४१ दरम्यान बाप आणि मुलगा एकत्र दाखवणारं, घरबसल्या पाहता येईल असं कोणतं दफ्तर आहे? टाइदचे (चर्चला द्यायच्या शेतीउत्पन्नाच्या दशांशाचे) नकाशे किंवा जमीनकराच्या याद्या यासाठी कुणी वापरल्या आहेत का?