मदत हवी आहे: पाण्याचा हौद डेंग्यूच्या डासांपासून कसा राखावा?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात नळाला चौथ्या दिवशी पाणी येते, त्यामुळे घरोघरी हौद, रांजण आणि ड्रम भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. गेल्या पंधरवड्यात गल्लीतील तिघांना डेंग्यू झाला, त्यांत माझी 9 वर्षांची पुतणीही होती. ताप उतरल्यावर आम्ही निश्चिंत झालो होतो. पण धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात, हे तिचे पोट दुखू लागल्यावर डॉक्टरांकडून कळले. आता ती बरी आहे.

काल हौदात टॉर्च मारला, तर उजेड पडताच अळ्या वळवळत तळाशी गेल्या. उन्हाळ्यानंतर कोपऱ्यात सरकवलेल्या कूलरच्या टाकीतही त्याच होत्या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे आतून घासावे लागते, हे आशाताईंनी समजावले. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणे, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून कोरडी करणे, मलाही पटते. परंतु पाण्याची अशी ओढाताण असताना भरलेला हौद रिकामा करायला घरातील बायका धजावत नाहीत, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही.

भिंतीला लागून बांधलेल्या, वेड्यावाकड्या तोंडाच्या हौदाला घट्ट बसणारे झाकण किंवा जाळी कोणी करून घेतली आहे का? वापराच्या पाण्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले असतील, तर ते उन्हाळ्यात टिकले का? शिवाय, धूरफवारणीने अळ्या मरत नाहीत, हे ग्रामसभेत कसे पटवून द्यावे? कृपया स्वतःचा अनुभव सांगावा.