ईमेलमधील फसवणूक आणि ओळखीची चोरी : आपापले अनुभव

मुठाकाठची
आज सकाळी सासऱ्यांच्या मेलवर आयकराचा परतावा मंजूर झाल्याचे पत्र येऊन पडले आणि मला भोसरीच्या जुन्या नोकरीतला एक प्रसंग आठवला. आमच्या कारखान्यात सुटे भाग तैवानहून येत असत. एकदा पैसे पाठवण्याच्या ऐन आठवड्यात पुरवठादाराचा मेल आला की, लेखापरीक्षणामुळे त्यांचे खाते तात्पुरते बंद असून रक्कम सोबतच्या नव्या खात्यात भरावी. बिलाचा क्रमांक बरोबर होता, भाषा ओळखीची होती आणि खालची सहीसुद्धा नेहमीचीच होती. परदेशी फोनचा खर्च कशाला, असे साहेब म्हणत असतानाही हिशेब सांभाळणाऱ्या काकूंनी जुन्या फाइलमधला क्रमांक काढून थेट तैवानला फोन लावला, तेव्हा खाते बदललेलेच नाही असे कळले. नंतर मेलचा पत्ता मोठा करून पाहिला, तर एम या अक्षराच्या जागी आर आणि एन ही दोन अक्षरे चिकटून बसवलेली होती. आपलेही अनुभव लिहावेत.

सदाशिवकर
सासऱ्यांच्या परताव्याचे पुढे काय झाले?

मुठाकाठची
परतावा असलाच तर तो पोर्टलवर पडताळणी झालेल्या बँक खात्यात थेट जमा होतो, त्यासाठी कार्डाचा क्रमांक कोणी विचारत नाही, हे त्यांना पटले. रक्कम मात्र त्यांना फारच आवडली होती.

अनघा
माझ्या मावसभावाचे गृहकर्ज अडले, तेव्हा त्याच्या पॅनवर कोणीतरी मोबाइल अ‍ॅपवरून कर्ज उचलून हप्ते बुडवल्याचे क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, दिसले. भाड्याने खोली शोधताना त्याने अनेक एजंटांना झेरॉक्स दिल्या होत्या, त्यातली कोणती फुटली हे शेवटपर्यंत कळले नाही. पोलिसांत तक्रार, कर्ज देणाऱ्या कंपनीला पत्र, रिपोर्ट देणाऱ्या संस्थेकडे हरकत, एवढे सोपस्कार झाल्यावर ती नोंद निघाली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असा रिपोर्ट देणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट विनामूल्य मिळतो, पण कर्ज हवे असल्याशिवाय तो कोणी मागवत नाही. आता भाऊ प्रत्येक झेरॉक्सवर ती कोणाला व कशासाठी दिली, हे तारखेसह आडवे लिहितो आणि आधारची केवळ शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत देतो.

चिंचवडकर
दस्तनोंदणीच्या कागदांवरील अंगठ्याचे ठसे वापरून आधारमार्फत खात्यातून पैसे काढल्याच्या घटना देशात घडल्या आहेत, म्हणून फ्लॅटची नोंदणी झाल्यावर मी घरातील सर्वांचे आधारचे बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक केले. त्यानंतर आई रेशनच्या दुकानात गेली, तर तिचा अंगठा चालेना. दुकानदाराने तिला हात धुऊन यायला सांगितले.

सदाशिवकर
मग हात धुऊन चालला का?

चिंचवडकर
नाही, पदराला पुसूनही चालला नाही. शेवटी तिचा फोन आला आणि मी अ‍ॅपमधून लॉक थोड्या वेळापुरते उघडून दिले.

निवृत्त बँकवाला
एक गोष्ट राहिली. मेलचा पासवर्ड चोरीला गेल्यावर लोक तो बदलून निश्चिंत होतात; पण चोराने सेटिंगमध्ये शिरून मेल स्वतःच्या पत्त्यावर फॉरवर्ड करून ठेवले असतील, तर त्यानंतरही बँकेची पत्रे त्याला मिळतच राहतात. आमच्या सोसायटीच्या चिटणीसांच्या मेलमध्ये हेच निघाले. फॉरवर्डिंग, फिल्टर, रिकव्हरीसाठी दिलेला फोन आणि लॉगिन असलेली उपकरणे, हे सर्व तपासावे. शिवाय रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते, तेव्हा पत्ता शेपटाकडून वाचावा. सुरुवातीला बँकेचे नाव कोणीही घालू शकतो.

ओंकार
आणि तरीही पैसे गेलेच तर?

निवृत्त बँकवाला
शाखेत रांग लावण्याआधी सायबर फसवणूक कळवण्याच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम खात्याखात्यांतून फिरून निघून जाण्यापूर्वी कळवले तरच ती गोठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा व्यवहाराबाबत बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान मात्र त्याचेच.

ओंकार
आभारी आहे. हा क्रमांक बाबांच्या फोनमध्ये कोणत्या नावाने साठवावा, हा प्रश्नच आहे. 'पोलीस' लिहिले तर ते घाबरून लावणारच नाहीत.

अनघा
'चोर' असे लिहा.