‘अवकाशीय विदा’ की ‘स्थानविदा’?

प्रश्न

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवते. ‘प्लॅनेटरी स्पेशियल डेटा इन्फ्रास्ट्रक्चर’ या संकल्पनेवर विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण लिहीत आहे. चंद्र, मंगळ यांचे नकाशे, उंचीच्या नोंदी आणि प्रतिमा वेगवेगळ्या देशांच्या मोहिमांतून आलेल्या असल्या, तरी त्या एकमेकींवर अचूक बसाव्यात, शोधल्या की सापडाव्यात आणि कोणाही अभ्यासकाला थेट वापरता याव्यात, यासाठी लागणारी मानके, धोरणे, साधने व माणसे यांची एकत्रित आखणी, असा तिचा आशय आहे. ‘अवकाशीय विदा पायाभूत सुविधा’ (विदा म्हणजे डेटा) हा प्रतिशब्द मी वर्गात वाचून दाखवला, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, “मॅडम, म्हणजे अंतराळातलं स्टेशन का?” याहून नेमका शब्द कोणता?

उत्तर (सेवानिवृत्त भूकरमापक)

मॅडम, त्या मुलीची चूक नाही. ‘अवकाश’ म्हणजे जागा, ‘अवकाश’ म्हणजे अंतराळ, आणि ‘पेरणीला अजून अवकाश आहे’ असे म्हटले की तोच शब्द वेळही दाखवतो. पृथ्वीच्या नकाशांबद्दल बोलताना संदर्भाने निभावून जाते; ग्रहांबद्दल बोलताना मात्र दुसरा अर्थ हटकून पुढे येणार. ‘स्थानिक’ म्हणावे, तर ते स्वराज्य संस्थांनी अडवून ठेवले आहे. ‘भूस्थानिक’ शब्द चांगला रुळला आहे, पण मंगळावर ‘भू’ कुठून आणायची? ‘भूकंपा’वरून ‘चंद्रकंप’ झाला, तशी इथेही ‘भू’ सोडून द्यावी आणि सरळ ‘स्थानविदा’ म्हणावे. ज्या नोंदीला ठावठिकाणा जोडलेला आहे, ती स्थानविदा.

‘पायाभूत सुविधा’ म्हटले की रस्ते, गटारे आणि नळयोजना डोळ्यांपुढे येतात. आपल्याला अभिप्रेत असलेली गोष्ट मोजणीच्या कामात रोज भेटते. एका गटाची मोजणी दोन वेळा झाली होती आणि दोन्ही वेळचे आकडे चोख होते; पण सुरुवातीचा दगड दोघांनी वेगवेगळा धरल्यामुळे बांध चार हात सरकला आणि दोन भाऊबंदांचे भांडण मिटवता मिटवता आमची दुपार गेली. आधी दगड कोणता धरायचा यावर एकमत, मग साखळी. या एकमतालाच तुमच्या संकल्पनेत सर्वांत जास्त किंमत असावी, असे मला वाटते.

प्रश्नकर्त्याकडून

आपण दगडाचे उदाहरण दिलेत, ते मंगळाला जसेच्या तसे लागू पडते. मंगळाचे शून्य रेखावृत्त एअरी या मोठ्या विवरातल्या सुमारे अर्धा किलोमीटर व्यासाच्या ‘एअरी-0’ या छोट्या विवरावरून ठरवले गेले. पुढे अधिक अचूकतेची गरज भासली, तेव्हा 1976 मध्ये मंगळावर दुसऱ्या ठिकाणी उतरलेल्या व्हायकिंग 1 यानाच्या स्थानाशी ते बांधून घेण्यात आले. म्हणजे खूण जुनीच राखली आणि दगड अधिक पक्का घेतला. त्यातही मंगळाच्या जुन्या नकाशांत रेखांश पश्चिमेकडे वाढत जात, तर आताच्या बहुतेक विदेत ते पूर्वेकडे वाढतात. त्यामुळे एकाच जागेला एक नकाशा 30 अंश म्हणतो आणि दुसरा 330. दोघेही खरे असतात, फक्त आपण कोणती रीत धरली हे सोबत लिहिलेले नसले की वापरणाऱ्याची फसगत होते.

उंचीच्या बाबतीत तर मराठी शब्दच आडवा येतो. ‘समुद्रसपाटीपासून’ हे शब्द चंद्रावर कसे लिहिणार? तिथे 1737.4 किलोमीटर त्रिज्येचा गोल शून्य मानून उंची-खोली सांगतात. मंगळावर एके काळी हवेचा दाब 6.1 मिलिबार असेल ती पातळी शून्य धरत. नंतर लेसर उंचीमापन आणि गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापांवरून समविभव पृष्ठ, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने सगळीकडे एकाच पातळीवर असलेले पृष्ठ, शून्य म्हणून ठरवण्यात आले. विद्यार्थ्यांना हे समजावताना मी राजाराम बंधाऱ्याचा आधार घेतला. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असते. पण हे फूट कुठून मोजायचे, असे विचारल्यावर वर्ग गप्प झाला. ते बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीच्या शून्यापासून मोजायचे असतात, समुद्रापासून नव्हे. म्हणून ‘समुद्रसपाटी’च्या जागी ‘शून्यपातळी’ हा शब्द घ्यावा, असे मी ठरवले आहे.

दुसरे उत्तर (विज्ञानविषयक भाषांतर करणाऱ्या वाचकाकडून)

‘स्थानविदा’ मला मान्य आहे, जरी ‘विदा’ ऐकताच हिंदी निरोपसमारंभ आठवणारे अजून पुष्कळ भेटतात. मात्र ‘पायाभूत’बद्दल एक अडचण आहे. या क्षेत्रात नियंत्रणबिंदूंचे (अचूक स्थान ठरवलेल्या खुणांचे) जाळे, उंचसखलपणाची नोंद आणि त्या उंचसखलपणामुळे आलेली विकृती काढून नकाशावर बसवलेल्या प्रतिमा, या तीन थरांना पायाचे थर मानतात, कारण खनिजांचा किंवा बर्फाचा कोणताही नकाशा त्यांच्यावरच चढवला जातो. ‘पायाभूत’ हे विशेषण त्यांना द्यावे लागेल. तेच व्यवस्थेलाही दिले, तर पाया आणि पायाची देखभाल यांतला भेद मराठीत उरणार नाही.

व्यवस्थेसाठी ‘सामाईक’ हा शब्द सुचवतो. सात-बाऱ्यावर सामाईक विहिरीची नोंद असते. तिथे पाणी एकाचे नसते, पाळी ठरलेली असते आणि गाळ काढायचा खर्चही वाटून घेतलेला असतो. ‘सार्वजनिक’ म्हटले की ही जबाबदारी कोणाचीच राहत नाही, म्हणून तो शब्द मी टाळला.

प्रश्नकर्त्याकडून

‘सामाईक’ घेतला. टिपणातले पहिले वाक्य आता असे आहे: “ग्रहांच्या स्थानविदेची सामाईक व्यवस्था आखताना पायाभूत थर कोणते, त्यांची शून्यपातळी व रेखांशाची रीत कोणती आणि ते अद्ययावत ठेवण्याची पाळी कोणाची, हे आधी ठरवावे लागते.” ‘पाळी’ शब्दावर सहकाऱ्यांनी भुवया उंचावल्या, पण विद्यार्थ्यांपैकी निम्मे शेतकऱ्यांच्या घरातले आहेत, म्हणून तो तसाच ठेवला आहे.