हेवी लायसन रिन्यूअल: शुगर असलेल्या ड्रायव्हरचा फॉर्म 1-ए (डॉक्टरांचा मेडिकल दाखला) अडतो का?

प्रश्न
दहाचाकीवरच्या ड्रायव्हरचं लायसन दोन महिन्यांत संपतंय. वय 52, शुगरच्या गोळ्या चालू. रात्री समोरच्या लाइटने डोळे दिपतात म्हणतात. मेडिकलला नेमकं काय बघतात?

आरटीओची कामं करणारा
नुसती शुगर आहे म्हणून अडत नाही. फीट, चक्कर, ऐकू येणं, रातांधळेपणा, रंगांधळेपणा आणि दिवसाउजेडी 25 मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, हे डॉक्टरांना लिहावं लागतं. चष्मा लावून वाचली तरी चालते. रंगांधळेपणा सौम्य किंवा मध्यम असेल तर 2020 पासून लायसन मिळतं, तीव्र असेल तर नाही. फॉर्म कागदावर असेल तर डॉक्टरांची सही-शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर हवा. शिक्का नुसता खाली मारला की फॉर्म परत येतो.

आणि दादा, मुदतीनंतरची 30 दिवसांची सवलत 2019 च्या दुरुस्तीत गेली. अर्ज वर्षभर आधीही करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट.

डोळे तपासणारी
चष्मा आत्ताच करू नका. शुगर वाढलेली असली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर सरकतो. मग शुगर ताब्यात आली की तोच चष्मा धूसर दिसायला लागतो. आधी शुगर स्थिर करा, चार-सहा आठवड्यांनी नंबर काढा. दोन महिन्यांत हे जेमतेम बसतं, म्हणून आजच सुरुवात करा.

डोळे दिपतात हे मला जास्त काळजीचं वाटतं. मोतीबिंदू सुरू झालेला माणूसही भर उन्हात प्लेट वाचतो. फॉर्म पास होतो आणि रात्री घाटात समोरचं काही दिसत नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याचीही तपासणी करून घ्या. त्यासाठी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. त्या दिवशी त्यांना गाडी देऊ नका.

प्रश्नकर्ता
गोळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची आहे. चालेल ना?

डोळे तपासणारी
चालेल, पण ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकलं की शुगर झपकन उतरते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. लोडिंगला चार तास लागले, जेवण राहिलं, तेव्हाच हे होतं. केबिनमध्ये ग्लुकोज पावडर हाताशी हवी. त्रास जाणवला की गाडी बाजूला, तीन चमचे पाण्यातून, 15 मिनिटांनी शुगर परत मोजायची. 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. बरं वाटलं तरी जेवल्याशिवाय स्टिअरिंगवर बसायचं नाही.