सातपूर-अंबडमध्येही लिंक्डइन कामाला येतं

‘नाशकात ओळखीवरच नोकरी लागते, लिंक्डइन पुण्या-मुंबईवाल्यांसाठी’ असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे; सातपूरहून इकडे आलो तो लिंक्डइनवरच्या ओळखीतूनच. प्रोफाइलवर नावाखालच्या ओळीत 220 अक्षरं मावतात, तिथे बरेच जण नुसतं ‘इंजिनिअर’ लिहून मोकळे होतात. सीएमएम (पार्टची अचूक मापं घेणारं मशीन) चालवता का, कोणते पार्ट तपासता, ते लिहा. एचआरवाले हेच शब्द टाकून शोधतात. आणि कृपा करून पहिल्याच मेसेजमध्ये ‘सर, जॉब आहे का?’ विचारू नका. मी एका सीनियरना गेज कॅलिब्रेशनबद्दल (मोजमापाची साधनं बरोबर दाखवतात का, ते तपासणं) शंका विचारली होती. त्यांनी सविस्तर उत्तर दिलं, बोलणं सुरू राहिलं, चार महिन्यांनी जागा निघाली तेव्हा त्यांनीच कळवलं. ‘ओपन टू वर्क’ (नोकरी शोधतोय, ही प्रोफाइलवरची खूण) मात्र फक्त रिक्रूटर्सना दिसेल असंच ठेवा.